केळीच्या वाईनला सुटाबुटात बसवायचं का?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"तापीकाठी आमची केळीची बाग आहे. सलग दोन उन्हाळे वादळात बाग आडवी झाली, उरलेला माल पडेल भावाने गेला. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. सासऱ्यांकडून शेतातलं जुनं गोडाऊन मागून घेतलं, परवाने काढले आणि केळीची गोडसर वाईन सुरू केली. आता तिसरं वर्ष. आमच्याकडे थाटमाट काही नाही. बाटलीला सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण, लेबलवर टोपी घातलेलं हसरं केळं आणि खाली 'बठ ना भो, घाई काय शे?' लोक येतात, हसतात, भरीत-भाकरी खातात, दोन बाटल्या घेऊन जातात. पुण्याचे एक वितरक म्हणतात, हा पोरखेळ वाटतो. फ्रेंच नाव घ्या, बूच लावा, जड बाटली घ्या, मग माल उचलतो. दीर म्हणतात, कर्ज काढून मोठं करू. बचत गटाच्या बायका म्हणतात, वाईनबिईन आम्हाला सांगू नको, ग्रामसभेत ठराव आणतो. सासूबाईंनी सप्त्याला जाणं सोडलंय. त्यात गेल्या वैशाखात जळगावला एका गिऱ्हाइकाच्या घरी दोन बाटल्या फुटल्या. नशीब, कोणाला लागलं नाही. आम्ही आता गंभीर व्हायला हवं का?"

प्रिय ताई,

बाटल्या फुटल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करते. बाकीचे प्रश्न दोन महिने थांबले तरी चालेल, हा थांबणार नाही. पुढचा वैशाख येणारच आहे, आणि आपल्याकडे तो ४४-४५ अंश घेऊनच येतो.

तुमची वाईन गोडसर आहे, म्हणजे साखर शिल्लक असतानाच तुम्ही फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, थांबवता. बहुधा टाकी गार करून. गारठ्यात रस आंबवणारं यीस्ट निपचित पडतं, पण मरत नाही. तीच बाटली जळगावच्या एखाद्या घरात पत्र्याखालच्या माळ्यावर गेली की ते जागं होतं आणि उरलेली साखर खायला लागतं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण लिटरभर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि झाकण घट्ट असल्यामुळे त्याला जायला वाट नसते. शॅम्पेन करणारे बाटलीतल्या दुसऱ्या फर्मेंटेशनसाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर मुद्दाम घालतात आणि दाब ६ वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापटीच्या, घरात नेतात. म्हणून त्यांची काच जाड असते, तळाला खोल खळगा असतो, बुचावर तारेची जाळी असते. गोडसर वाईनमध्ये तेवढी साखर सहज उरते, आणि तुमची बाटली साधी आहे.

तेव्हा पहिलं काम फोनचं. त्या लॉटच्या, म्हणजे फुटलेल्यांबरोबर भरलेल्या, बाटल्या ज्यांनी नेल्या त्या प्रत्येकाला फोन करा, बाटल्या परत मागवा, पैसे परत द्या. कोणाकोणाला विकल्या याची नोंद नसेल तर ज्यांची आठवण आहे त्यांच्यापासून सुरुवात करा आणि गोडाऊनच्या दारावर पाटी लावा. बाटली हिंदकळू देऊ नका, जाड कापडात गुंडाळून गार जागी ठेवा, असं फोनवर नीट सांगा. यात नाव खराब होईल ही भीती मला कळते. पण एखाद्या पोराच्या डोळ्यात काच गेली तर पुढे वायनरीबद्दल बोलायला काही उरणार नाही.

यापुढे तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, वाईन पूर्ण कोरडी होऊ द्यायची, साखर लिटरला २ ग्रॅमच्या खाली जाईपर्यंत. दुसरी, गोडवा ठेवायचा असेल तर बाटली भरताना ०.४५ मायक्रॉनच्या निर्जंतुक फिल्टरमधून गाळायची, किंवा भरलेली बाटली ६० ते ६५ अंशांवर पाश्चराइज करायची. नुसतं सॉर्बेट हे टिकवण्याचं रसायन टाकून निश्चिंत राहू नका. सॉर्बेट यीस्टची वाढ रोखतं, जिवंत असलेलं मारत नाही. आणि साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका, अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, खरं नसतं. उरलेली साखर प्रयोगशाळेतूनच मोजून घ्या. शिवाय प्रत्येक लॉटच्या थोड्या बाटल्या जाड, बंद खोक्यात ३५-४० अंशांच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवा आणि मगच तो लॉट बाहेर काढा. फ्रान्समध्ये यासाठी उबवणी यंत्र लागेल, तुम्हाला मार्च ते जून गोडाऊनची पश्चिमेची भिंत पुरेल.

केळ्याच्या अजून दोन खोडी आहेत. शिकताना त्या तुमच्या वहीत आल्या असतील, टाकीपाशी मात्र विसरायला होतात. पिकलेल्या केळ्याला आंबटपणा कमी. त्याचा पीएच साडेचार-पाचच्या आसपास असतो आणि एवढ्यात नको ते जीवाणू सुखाने वाढतात. सायट्रिक किंवा टार्टरिक आम्ल घालून तो साडेतीनच्या जवळ आणला तरच जीवाणू रोखणारं सल्फाइट नीट काम करतं. दुसरी खोड पेक्टिनची, म्हणजे गर घट्ट ठेवणाऱ्या घटकाची. गर घट्ट म्हणून आपण पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज घालतो, रस सुटतो, पण पेक्टिन तुटताना थोडं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही सुटतं. फळांच्या वाईनमध्ये ते सहसा मर्यादेतच राहतं, तरी प्रत्येक लॉटचा अहवाल हातात असल्याशिवाय एकही बाटली विकू नका. उद्या ग्रामसभेत कोणी "हिच्या दारूत विष आहे" म्हणालं तर तो कागदच तुमच्या बाजूने बोलेल.

आणि टाकी गार ठेवा, १८ ते २० अंश. वीज गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं, तीन दिवस टाकी ३२ वर राहिली, असं आपल्या भागात होतंच. पण केळ्याचा जो वास म्हणून लोक तुमची बाटली नाकाशी नेतात, तो मुख्यतः आयसोअमाइल अॅसिटेटचा. तो पटकन उडतो, आणि गरम फर्मेंटेशनमध्ये आधी तोच जातो. मागे उरतं ते नुसतं तिखट अल्कोहोल. नवं लेबल, नवी बाटली यावर एक रुपया घालण्याआधी थंडाव्यावर आणि इन्सुलेशनवर घाला.

तुम्ही विचारलंत, गंभीर व्हावं का. हो, पण इथे व्हा. टाकीपाशी, नोंदवहीत, प्रयोगशाळेच्या अहवालात. तिथे तुम्ही जितक्या काटेकोर राहाल, तितकं बाटलीवर हसायला मोकळ्या राहाल.

वितरकांचं मला पटलं नाही. बूच लागतं ते वर्षानुवर्षं ठेवायच्या वाईनला. तुमची वाईन वर्षभरात ताजी, गार प्यायची आहे. पत्र्याच्या झाकणाची लाज तर अजिबात बाळगू नका. शॅम्पेनवाले दुसऱ्या फर्मेंटेशनच्या काळात तळघरात बाटल्यांना हेच झाकण लावतात, बूच नंतर येतं. जड बाटलीने चव वाढत नाही, ट्रकभाडं वाढतं. आणि तापीकाठच्या केळ्याला फ्रेंच नाव देणं मला खोटं वाटतं. ज्याला ते नाव पाहून बाटली घ्यावीशी वाटेल तो आत केळं निघालं म्हणून चिडेल, आणि ज्याला केळ्याची वाईन हवी आहे त्याला ती सापडणारच नाही. राजीव सामंत यांनी नाशिकला वायनरी काढली तेव्हा आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून तिला सुला नाव दिलं आणि बाटलीवर मिशीवाला सूर्य बसवला. २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. आज ती देशातली सर्वांत मोठी वाईन कंपनी आहे, आणि सूर्याची मिशी अजून तशीच आहे.

वितरकांना नाही म्हणा असं मात्र मी सांगत नाही. त्यांना विचारा, पैसे किती दिवसांनी देणार? न खपलेला माल कोणाच्या डोक्यावर? आणि दुकानात बाटली फ्रिजमध्ये राहील की दारातल्या उन्हात? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्यायची त्यांची तयारी असेल तर बोला. त्यांना फक्त नाव आणि बूच यावरच बोलायचं असेल तर सोडून द्या.

दिरांना एवढंच सांगा, की महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क उभे राहिले, भराभर वायनरी निघाल्या, आणि २००८-०९ च्या मंदीत त्यातल्या कित्येक बंद पडल्या. शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकले. टाक्या घ्यायला कर्ज मिळालं होतं, गिऱ्हाईक मिळवायला कोणी वेळ दिला नव्हता. सरकारी निर्णयावरही हिशेब मांडू नका. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी दिली, विरोध झाला आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. दोन उन्हाळे एकही बाटली परत न येता गेले की मग कर्जाचं बोला.

आता लेबल. अहिराणी ओळ ठेवाच. ती आपल्या माणसाला दारातच सैल करते, आणि 'घाई काय शे' हे पिणाऱ्याला सांगण्यासारखंच आहे. हसरं केळं मात्र काढा. तुमच्या आवडीचं आहे, कदाचित घरातल्याच कोणी काढलं असेल, तरी काढा. फ्रिजचं दार उघडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला टोपीवालं केळं दिसलं तर ती त्याला सरबतच समजेल. मोठ्यांना हसवायचं असेल तर अक्षरांनी हसवा, रंगांनी हसवा, केळीच्या पानाचं नुसतं रेखाटन घ्या. मुलांना जे आपलं वाटेल ते चित्र दारूच्या बाटलीवर नको. १ एप्रिल २०१९ पासून बाटलीवर इशारा छापणं बंधनकारक आहे. मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. बरेच जण तो बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकतात. तुम्ही तो नियमातल्या मापापेक्षा मोठा आणि मराठीतही छापा.

इथेच तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट सांगते. तुम्ही लिहिता की लोकांना हे दारू वाटतच नाही, म्हणून ते मोकळे होतात. ताई, ते मोकळे व्हावेत हे खरं, पण तेवढ्यासाठी त्यांना विसर पडू देऊ नका. ११ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलिलिटरचा ग्लास घेतला तर त्यात साडेसोळा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये १३ च्या आतच. म्हणजे हसतखेळत घेतलेला एक ग्लास छोट्या पेगपेक्षा जड. जळगावहून मोटारसायकलवर आलेला पोरगा तुमच्याकडे दोन ग्लास घेऊन निघाला तर तो पिऊनच निघाला आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, दोन ग्लासांत ती सहज ओलांडली जाते. म्हणून चाखायला ३० मिलिलिटरच ओता, आणि आधी ताटात भाकरी पडू द्या. थंडीत काड्यांवर वांगी भाजून, मिरची-लसूण-शेंगदाणे-पातीसकट ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी हेच तुमचं खरं दुकान आहे. गाडी चालवणाऱ्याला केळीचं थंड सरबत द्या, पैसे न घेता, आणि इतकं चांगलं करा की त्याला आपण काही गमावलं असं वाटू नये.

बचत गटाच्या बायकांबद्दल तुमच्या पत्रात थोडा राग आहे. त्यांना वाईन आणि देशीतला फरक कळत नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं त्यांना फरक कळतो, पण त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा नाही. मजुरीचे पैसे घरी यायच्या आधी कुठे जातात, रात्री दार कोण वाजवतं, हे त्यांनी भोगलेलं आहे. याच महाराष्ट्रात गावातलं दारू दुकान बंद करायला बायकांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर, म्हणजे 'दुकान नको'च्या चिन्हावर, शिक्के मारले. त्यासाठी एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी करावी लागते आणि निम्म्याहून जास्त महिलांची मतं पडावी लागतात. किती अवघड आहे ते! मतदानाच्या दिवशी शेतात न गेलेल्या बाईची मजुरी बुडते. तरी त्यांनी गावोगाव ते करून दाखवलं. तुमची वायनरी दुकान नाही, ठराव तुम्हाला लागू होतो की नाही यावर वकील खल करतील. तुम्ही त्या आडोशाला जाऊ नका.

त्यांना बोलवा. वायनरीत नको, शाळेच्या ओट्यावर किंवा मारुतीच्या पारावर भेटा, तुम्ही त्यांच्याकडे जा. "आमची वाईन वेगळी आहे" असं एकदाही म्हणू नका. आपण काय काय करणार नाही ते सांगा आणि लिहून द्या. गावातल्या कोणाला एकही बाटली विकणार नाही, पाहुण्यांनाही गोडाऊनपाशी बाटली उघडून बसू देणार नाही. एकविसाच्या आतल्या कोणाला ओतणार नाही. उधारी नाही, अंधार पडल्यावर विक्री नाही. मजुरीच्या बदल्यात बाटली, सणाची भेट म्हणून बाटली, कधीच नाही. गणेश मंडळाला, कबड्डीच्या सामन्यांना, कानबाईच्या मिरवणुकीला आमच्या नावाची वर्गणी नाही. विक्रीची वही त्यांच्यातल्या कोणीही दोघींनी कधीही येऊन बघावी. यातलं पहिलं वाक्य तुम्हाला आर्थिकदृष्ट्या जवळजवळ काहीच पडत नाही, कारण तुमचं गिऱ्हाईक बाहेरगावचंच आहे. पण त्यांच्यासाठी तेच सर्वांत मोठं.

आणि "तुमच्या पोरींना कामावर घेते" असं त्या बैठकीत बोलू नका. घ्यायचं असेल तर नंतर घ्या, चांगल्या पगारावर घ्या, पण तोंड बंद करायला म्हणून नको. त्या लगेच ओळखतात. एवढं करूनही त्यांनी ठराव आणला तर आणू द्या. गावाला नको म्हणायचा हक्क आहे, आणि तो मान्य करूनच तुम्हाला तिथे राहायचं आहे.

सासूबाईंना पटवायला जाऊ नका. त्या वारकरी आहेत, सप्त्याला टाळ घेऊन उभं राहणं हे त्यांचं आयुष्य आहे, आणि सुनेच्या धंद्यापायी त्यांना तिथे खाली बघावं लागतंय. यात अडाणीपणा नाही. तुमच्या यजमानांनी आईजवळ बसून हे कबूल करावं, तुम्ही मध्ये बोलू नका. घरात एकही बाटली आणायची नाही, गोडाऊनचे कपडे, माणसं, हिशेब सगळं शेतातच, हे आजपासून पाळा. सप्त्याची पंगत या घरातून दरवर्षी जात असेल तर ती शेतीच्या उत्पन्नातून जावी आणि तसं सासऱ्यांनी कीर्तनकार महाराजांना सांगावं. त्या परत जातील की नाही ते त्यांच्यावर सोडा.

एक जोडधंदा मात्र सुचवते. वाईन म्हणून न जमलेला पण स्वच्छ असलेला लॉट व्हिनेगरला चांगला. केळ्याचं व्हिनेगर लोणच्याला, कांद्याला छान लागतं, सप्त्याच्या स्वयंपाकातही चालेल. नियमाप्रमाणे त्यात किमान ३.७५ टक्के अॅसेटिक आम्ल लागतं. पण ते वायनरीच्या छपराखाली करू नका. व्हिनेगरचे जीवाणू हवेतून, कपड्यांवरून, चिलटांवरून पसरतात, आणि एकदा टाक्यांत शिरले की वाईनच आंबट होऊन बसते. शेताच्या दुसऱ्या टोकाला शेड करा, भांडी वेगळी ठेवा, माणूसही वेगळा.

नवं लेबल करायचं म्हणजे उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, आणि तिथे वेळ जातो. म्हणून चित्र आत्ताच बदलायला घ्या. वितरकांना उत्तर घाईने देऊ नका, आधी फोन संपवा. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा फुटलेल्या लॉटची तीन मापं कळवा: बाटली भरतानाची साखर, पीएच आणि भरल्याची तारीख. वहीत ती सापडली नाहीत तर तेही लिहा, मग आपण आधी वहीचंच बघू.